बाया आल्या त्या फाल्गुनात

शाळेच्या आवारातला कडुनिंब यंदा अगदी वेळेवर फुटला. परवापरवापर्यंत नुसत्या काटक्या होत्या आणि आज पाहावं तर तांबूस, लुसलुशीत पालवी; इतकी कोवळी की तोडून चावली तरी कडूपणा जिभेवर जरा उशिरानंच येतो. मी दरवर्षी चावून पाहते. जालन्यातल्या या शाळेत मी गणित शिकवते, आणि गणिताच्या मॅडम झाडाखाली उभ्या राहून पाला खातात ही बातमी पोरांनी कधीच गावभर केली आहे. खुशाल करू देत.

काल सातवीच्या वर्गात एक बाक रिकामा होता. "कुठं गेली गं ही?" म्हणून विचारलं तर शेजारची उठून हळूच म्हणाली, "मॅडम, तिच्या घरी बाया आल्यात." नव्यानंच बदलून आलेल्या एका साहेबांच्या पोरानं विचारलं, "कोण बाया?" तर बाकीच्यांनी त्याच्याकडं असं काही पाहिलं की बिचारा खालीच बसला. फळ्यावर अपूर्णांकाचं उदाहरण अर्धवट होतं, ते मी पुरं केलं. पण हात तेवढा फळ्यावर होता. मी आमच्या गावच्या अंगणात जाऊन पोचले होते.

आमच्याकडं कांजण्या होत नाहीत, बाया येतात. देवीच त्या. पाहुण्या म्हणून घरात शिरतात, ज्याच्या अंगावर उतरायचं त्याच्या अंगावर उतरतात, मुक्काम करतात आणि जातात. त्यांना आजार म्हणायचं नाही, त्यांच्यासमोर कण्हायचं नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यावर दवा करायचा नाही. पाहुण्याला दवा देऊन कुणी हाकलतं का? दाराला निंबाचा डहाळा लावायचा. घरात फोडणी नाही, तळण नाही, डोक्याला तेल-फणी नाही, सुईदोऱ्याला हात नाही. सगळं घर दहीभातावर. आणि या पाहुण्या येतातही बरोबर ज्वारी खळ्यावर आली की.

परतूरच्या अलीकडं, गाडीची शिट्टी ऐकू येईल इतक्या अंतरावर आमचं गाव. फाल्गुनात तिथं सगळ्यावर ज्वारीची धूळ बसलेली असते. रांजणाच्या झाकणावर, म्हशीच्या पाठीवर, माणसांच्या भुवयांवर. मळणीयंत्र दिवसभर घरघरतं आणि थांबलं की कानांना काहीतरी हरवल्यासारखं होतं. कडब्याचा गोडसर वास येतो. अंगाला ज्वारीची बारीक, खाजरी कूस लागते, ती आंघोळ केली तरी मानेशी शिल्लक राहतेच. त्यात पोरांच्या परीक्षा. नव्वदीच्या दशकातल्या त्या फाल्गुनात मी दहावीला होते, आणि माझ्या पोटात माझ्या मायची किडनी होती.

लहानपणापासून सकाळी उठले की माझा चेहरा सुजलेला असायचा. लोक म्हणायचे, पोरगी बाळसेदार आहे. बाळसं कसलं, दोन्ही किडन्या हळूहळू काम सोडत होत्या. औरंगाबादच्या डॉक्टरांनी ते ओळखलं तोवर एकच वाट उरली होती, कुणाची तरी किडनी घेऊन बसवायची. मायची जुळली. मुंबईला ऑपरेशन झालं. परत आले तेव्हा औषधांनी माझं तोंड पौर्णिमेच्या चंद्रासारखं गोल झालेलं, आणि वर्गातल्या पोरांच्या आधी मला मिसरूड फुटलेलं. सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या त्या मोठ्या कॅप्सूलचं पाकीट फोडलं की असा उग्र वास सुटायचा की म्हातारी माणसं विचारायची, "कोन प्यालंय रं?"

त्या गोळ्या कशासाठी, हे बापूंनी गावाला समजावून सांगितलं. बापू म्हणजे माझे वडील. डॉक्टरांनी तासभर सांगितलेलं त्यांनी ओसरीवर बसून दोन वाक्यांत आणलं.

"आपलं अंग मंजी राखणीचं कुत्रं. अनोळखी दिसलं की चावणार. मायची किडनी असली म्हणून काय झालं, कुत्र्याला काय ठावं? म्हणून ह्या गोळ्या. कुत्र्याला गुंगी देत्यात."

"अन् चोर आला मंग?" कुणीतरी विचारलं.

"मंग आपुन सोता दाराशी बसायचं," बापू म्हणाले.

आणि ते खरोखरच बसले. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे कर्तव्य. येणारी प्रत्येक बाई गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलाशी बोटं मोडणार, आणि आणलेलं काहीबाही तोंडात कोंबणार. डॉक्टरांनी हे सगळं बंद सांगितलेलं. बापूंनी दारातच खाट टाकली. आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी ते विचारत, "सर्दी हाय का? ताप? खोकला?" स्वतःच्या मेव्हण्याला एका शिंकेवरून त्यांनी अंगणातून परत पाठवलं होतं. ते मामा नंतर दिवाळीलासुद्धा आले नाहीत. मला मात्र बापूंचा फार अभिमान वाटायचा, अजून वाटतो.

पण चोर दारातून आलाच नाही. तो घरातच, माझ्या मांडीवर बसून माझं मिसरूड मोजत होता. चिमी ही माझ्या मोठीमायची नात. मोठीमाय म्हणजे बापूंच्या थोरल्या भावाची बायको, आमच्याच अंगणात पलीकडच्या खोल्यांत राहणारी. चेहऱ्यावर देवीचे व्रण, आवाज मळणीयंत्रावरूनही ऐकू जाणारा. गावात कुणाच्याही घरी बाया आल्या की पहिलं बोलावणं तिलाच. तिचा पहिला मुलगा, गण्या, जुन्या काळी मोठ्या देवीत गेला होता. घरच्यांनी वैद्याचा काढा पाजला म्हणून देवी कोपली, असं ती सांगायची. ते सांगताना तिचा आवाज उतरायचा, एरवी कधी उतरत नसे.

तर चिमीला बाया आल्या. मोठीमायनं डहाळा लावला, दहीभात केला. डॉक्टरांनी आम्हाला स्वच्छ मराठीत बजावलं होतं की कांजण्या झालेल्या मुलाजवळ हिनं फिरकायचं नाही, आणि चुकून गेलीच तर त्याच दिवशी दवाखान्यात आणायचं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पण चिमीला कुठं कांजण्या झाल्या होत्या? तिच्याकडं तर बाया आल्या होत्या. आजारांच्या रांगेत देवीला नेऊन बसवायचं बापूंच्या डोक्यात आलं नाही, मायच्या आलं नाही, आणि विज्ञानात वर्गात पहिली येणाऱ्या माझ्याही आलं नाही. बाया निघाल्या, चिमी न्हाली आणि हसत-खिदळत परत माझ्या मांडीवर आली.

त्यानंतर काही दिवसांनी, परीक्षा तोंडावर आलेली असताना, माझ्या मानेला खाज सुटली. कूस लागली असेल, म्हणून मी अंग चोळून आंघोळ केली. अंगात कणकण होती, कंबर दुखत होती. सकाळी मायनं माझी पाठ पाहिली. पाठभर मोती उमटले होते, पाण्यानं भरलेले. माय ओरडली नाही, रडली नाही. तिनं हात जोडले आणि माझ्या अंगाला नमस्कार केला. जन्मात इतकी भीती मला कधी वाटली नाही. आपली आई आपल्याला नमस्कार करते म्हणजे आपण आता तिच्या हातात राहिलो नाही, एवढं मला त्या तापातही कळलं.

मोठीमाय निंबाचा भारा घेऊन आली. माझ्या अंथरुणाखाली तिनं पाला पसरला, दाराला डहाळा खोवला, आणि मागं वळून पाहिलं तर मायच्या हातात कॅप्सूल.

"काय करून राह्यलीस? ठेव ते! बाया अंगात हायेत अन् दवा देतीस?"

"अक्का, ही रोजची गोळी हाय…"

"माह्या गण्याला बी रोजचाच काढा होता. बिलकुल द्यायचं न्हाई. कोपल्या मंजी कोन जबाबदार?"

मायनं गोळी परत ठेवली. तिला दोष देणं सोपं आहे, पण ज्या बाईनं आपल्या डोळ्यांदेखत मूल गमावलं तिच्यासमोर उभं राहून तुम्ही वाद घालून पाहा. सकाळची गोळी गेली. संध्याकाळचीही गेली. बापू खळ्यावरून आले, डहाळा पाहिला आणि दारातल्या खाटेवर बसले. "डॉक्टरला भ्यावं का बायांला?" एवढंच म्हणाले. इतके दिवस राखण केलेल्या माणसाला आता अडवायला समोर कुणी नव्हतं.

मी पाल्यावर पडून होते. माझ्या मनात एकच गोष्ट होती. आता कुत्रं जागं होणार. ते उठून आळोखेपिळोखे देणार, पोटात उजव्या बाजूला हुंगत जाणार, आणि तिथं ते मायनं दिलेलं. मी गेले तर गेले, असा शूरपणा माझ्यात नव्हता, मला जगायचं होतंच. पण त्याहून जास्त वाटत होतं की मायला हे दुसऱ्यांदा देता येणार नाही. तिच्याकडं आता एकच उरली आहे. हे वाया गेलं तर ते फक्त माझं वाया जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तेव्हा माय न्हाऊन, ओल्या केसांनी मोठीमायच्या समोर जाऊन उभी राहिली. मला उंबऱ्यातून दोघी दिसत होत्या.

"अक्का, बाया एका अंगात किती बारी येत्यात?"

"एकच बारी. येऊन गेल्या की फिरून त्या अंगात येत न्हाईत. का गं?"

"माह्या अंगात आल्त्या. माहेरी, लहानपणी. सारं बराबर पाळलं व्हतं माह्या मायनं."

"बरं मंग?"

"मंग ह्या पोरीच्या पोटात जी किडनी हाय, ती कोनाची?"

मोठीमायनं हातातला पाला खाली ठेवला.

"माही हाय. तिच्यावरून बाया जाऊन आल्यात. आता तिच्यावर त्यांचा हक न्हाई. अन् ह्या गोळ्या पोरीच्या न्हाईतच. किडनीच्या हायेत. मंजी माह्या झाल्या. म्या माही गोळी खाऊ का नको, तेवढं सांगा."

मोठीमायनं सारं बोटांवर मोजून पाहिलं. माझ्याकडं पाहिलं, डहाळ्याकडं पाहिलं. रडण्या-भेकण्याला ती कधी बधली नव्हती, मायला ते पक्कं ठाऊक होतं. पण मोठीमाय नियमाची बाई होती, आणि नियमातलं बोललेलं तिला खोडता येत नसे.

"बराबर हाय," ती शेवटी म्हणाली. "कायद्यानं बराबर हाय. दे."

पाकीट फुटल्याचा तो उग्र वास, निंबाच्या पाल्याच्या वासात मिसळलेला. आजही कुठल्या अत्तराच्या बदल्यात मी तो देणार नाही. मायनं कॅप्सूल माझ्या जिभेवर ठेवली आणि माझ्या अंगाकडं पाहून मोठ्यानं म्हणाली, "माही गोळी हाय गं बायांनो. पोरगी काई घेत न्हाई."

पुढं कधीतरी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "आईला होऊन गेल्या म्हणून किडनीला संरक्षण मिळतं असं नाही हो. तसं असतं तर माझं काम किती सोपं झालं असतं!" म्हणजे मायचं शास्त्र चुकलं होतं. उत्तर मात्र बरोबर आलं. गणिताची शिक्षिका म्हणून मी अशा उत्तराला गुण देत नाही, पण ते एक उत्तर मी आयुष्यभर तपासायचं सोडून दिलं आहे.

गोळीनं भागणार नव्हतं. औरंगाबाद गाठायला हवं होतं, आणि बाया अंगात असताना गावाची शीव ओलांडायची नाही हा दुसरा नियम आडवा आला. तो मोठीमायनंच सोडवला. "पाव्हण्यांला एकटं सोडू न्हाई. मी येते संगं. जीप सांगा, जल्दी." जीपवाल्यानं तिच्या हातातला डहाळा पाहिला आणि चपला काढून सीटखाली सारल्या. औरंगाबादपर्यंत त्यानं अनवाणी पायानं गाडी चालवली. शिवेवर मोठीमायनं जीप थांबवली, उतरून पाणी सोडलं आणि बायांना समजावलं, "जाऊन येऊ. तिथं बी निंब हाय." तापानं फणफणलेली असूनही मला हसू आवरेना.

दवाखान्यात मला वेगळ्या खोलीत ठेवलं. वेगळी भांडी, तोंडाला फडकं बांधून येणारी माणसं, तिखट-तळलेलं बंद, भेटायला कुणी नाही. मोठीमाय दारातून हे सगळं बघत होती. "हे बी पाळत्यातच की," ती म्हणाली. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हिच्याजवळ कोण थांबणार? ज्यांना कांजण्या होऊन गेल्यात त्यांनीच आत यायचं."

"मला झाल्यात," माय म्हणाली. आणि मोठीमायकडं वळून, "बघा अक्का, त्यांचा बी कायदा त्योच."

सलाईनमधून विषाणूवरचं औषध सुरू झालं. रोजच्या गोळ्यांपैकी एक डॉक्टरांनी तात्पुरती थांबवली. बापूंना त्यांनी बापूंच्याच भाषेत सांगितलं की कुत्र्याला आता जराशी जाग हवी. एक गोळी बंद झाल्याचं कळताच मोठीमायचा चेहरा उजळला. "बघ! म्या म्हन्लं न्हवतं?" आम्ही कुणी तिला विरोध केला नाही.

फोड तोंडात, घशात, पापण्यांच्या आत गेले. त्याहून वाईट म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन चढू लागलं. किडनी थकली की ते चढतं, हे आमच्या घरात शेळ्या राखणाऱ्यालाही माहीत होतं. बापू रोज सकाळी खिडकीशी येऊन विचारत, "किरटिनी काय म्हणती?" माय बोटानं वर दाखवायची. ती माझ्या खाटेशी बसून राहायची, एक हात माझ्या पोटावर आणि दुसरा स्वतःच्या कुशीवर, जिथून ते काढून घेतलं होतं तिथं. देवाचं नाव घेताना मी तिला ऐकलं नाही. ती किडनीशीच बोलायची. "नाव घालवू नको माहं," असं काहीतरी.

दहावीचे पेपर बाहेर एकेक होऊन गेले. बीजगणिताच्या दिवशी मला फार वाईट वाटलं, बाकीच्यांचं तितकंसं नाही. आणि मग एके सकाळी नर्स हसतच आत आली. किरटिनी उतरली होती. थोडीच, पण उतरली होती, आणि पुढं उतरत गेली. मायनं खिडकीतून बापूंना खाली बोट दाखवलं. बापू तिथंच भिंतीला टेकून रडले. माय रडली नाही. ती म्हणाली, "आता मला फोडणीचं वरण पाहिजे."

मोठीमायला कुणी अडाणी म्हटलं की मी भांडते. तिच्या नियमांत अर्धं शहाणपण होतंच. आजाऱ्याला वेगळं ठेवा, विसावा द्या, हलकं खाऊ घाला, दारावर खूण लावा. दुसऱ्या अर्ध्यानं मात्र माझा जीव घेतला असता, हेही मी तितक्याच ठणकावून सांगते. वर्गातसुद्धा सांगते. काल सांगितलंच. "बायांचा पाहुणचार करा, डहाळा लावा, पण डॉक्टरला दाखवा. त्यांना राग येत नाही. मी विचारलंय." पोरं हसली. ती शेजारची पोरगी हसली नाही, तिनं मान डोलावली, आणि संध्याकाळी तिनं नक्की जाऊन सांगितलं असेल याची मला खात्री आहे.

मी ऑक्टोबरात दहावी झाले, मग पुढचं सगळं. मिसरूड गेलं, चंद्र बराचसा उतरला. किडनी उत्तम आहे. माय एका किडनीवर शेत बघते, सालगड्याशी भांडते, आणि रोज सकाळी शाळेच्या वेळेआधी फोन करते. पलीकडून "कशी हाइस" नाही, काही नाही. सरळ विचारते, "माह्या गोळ्या घेतल्या का?"

मोठीमाय आता नाही. निंब फुटला की मला तिचीच आठवण आधी येते, दवाखान्यातून परतल्यानंतरच्या सकाळची. खपल्या पडून गेल्या होत्या. बाया निघाल्या की निंबाच्या पाण्यानं न्हायचं, तोवर त्या गेल्या असं धरत नाहीत. आणि न्हाऊ घालायचा मान तिचाच. अंगणातल्या दगडावर तिनं मला बसवलं. निंबाचं हिरवट, कोमट पाणी डोक्यावरून, खांद्यांवरून, पाठीवरून. प्रत्येक व्रणावरून तिचा खरखरीत अंगठा फिरत होता. पोटाशी आल्यावर ती थांबली. ऑपरेशनची खूण तिनं तोवर कधी जवळून पाहिली नव्हती.

"हितंच हाय का ती?"

"हां."

तिनं तांब्या खाली ठेवला.

"माह्या गण्याच्या पोटात माहं असं काई असतं ना," ती म्हणाली, "तं म्या बी भांडले असते गं बायांशी."

मग तिनं डावा हात त्या खुणेवर पालथा ठेवला, पाणी लागू नये असा घट्ट, आणि उजव्या हातानं उरलेला तांब्या माझ्या अंगावर ओतला.

"एवढी जागा कोरडीच ऱ्हाऊ दे. तुही माय लहानपणीच न्हालेली हाय."